खो ऐकू आला पाहिजे

खो-खोचा संघ पळायला लागण्याआधी, नुसता बसलेला पाहिला तरी निम्मा कळतो. मधल्या पाटीवर आठ मुलं एकाआड एक तोंडं फिरवून बसतात. काही संघांची मुलं खुशाल बूड टेकून बसलेली असतात, नजर मैदानाबाहेरच्या भेळवाल्याकडे. काही संघ मात्र चवड्यांवर असतात. बोटं मातीत रोवलेली, टाच उचललेली, मान वळलेली. असा संघ दिसला की मी शेजारच्या पंचाला हळूच म्हणायचो, "हे आज जेवायला घरी जात नाहीत."

पिंपळनेरला मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, आणि त्याच्या जोडीला साक्री तालुक्याच्या शालेय स्पर्धांना पंच म्हणूनही उभा राहिलो. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असे तीन गट. माझा जीव पहिल्या गटात. सहावी ते आठवीची ही पोरं. सतरा वर्षांच्या मुलाला आपण पडलो तर कसे दिसू याची काळजी असते. तेरा वर्षांच्या मुलाला ती नसते, तो खांबावर थेट अंग टाकतो. यांचा डाव ७ मिनिटांचा. आणि असा संघ फार तर दोन वर्षं टिकतो, मग वय उलटतं. चांगला जमलेला संघ आपल्या डोळ्यांदेखत कागदावर संपतो, हरून नव्हे. म्हणूनही असेल, पण जे जमले ते डोक्यातून जात नाहीत.

आमच्या तालुक्याची घडणच अशी आहे की एका मैदानावर दोन जगं येतात. पिंपळनेरच्या पूर्वेला साक्री, कासारे, म्हसदी, निजामपूर. कांदा, बाजरी, मक्याची गावं, घराघरांत अहिराणी. पश्चिमेला वार्सा, कुडाशीकडे चढत गेलं की डोंगर, भात, नागली, कोकणा आणि भिल्ल वस्त्या, आणि त्यांच्या मुलांसाठीच्या आश्रमशाळा. पांझरा याच डोंगरातून उतरते, लाटीपाड्याला अडते आणि मग आमच्या गावाजवळून खाली जाते. स्पर्धा असायच्या ऐन पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरात. सकाळी उठून काळ्या मैदानावर फक्की मारायची, नऊ वाजता सर यायची, पुन्हा फक्की मारायची. खांब हलू नये म्हणून खड्ड्यात दगड ठोकायचे. खो-खोचे नियम ठरवायला १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मंडळी बसली होती; मला नेहमी वाटायचं, त्यांच्यापैकी एखाद्याला आमच्याकडच्या भाद्रपदातल्या मैदानावर एकदा पळवायला हवं होतं.

वरच्या पट्ट्यातल्या एका आश्रमशाळेचा मुलींचा संघ पहिल्यांदा आला ते वर्ष मला स्वच्छ आठवतं. सगळ्या अनवाणी. फ्रॉकवर बेल्टसारखी ओढणी बांधलेली, केस तेल लावून घट्ट. पळती त्यांनी अशी केली की समोरच्या नामांकित शाळेच्या मुली मधल्या पाटीभोवती नुसत्या गरगरत राहिल्या. पहिली तुकडी बाद करायलाच निम्मा डाव गेला. डोंगरावर शेळ्यांमागे धावलेल्या पायांना सपाट मैदान म्हणजे काहीच नव्हतं.

मग त्यांचं आक्रमण आलं, आणि अडचण झाली. त्या मुली खो म्हणत, पण तो ऐकूच येत नसे. खो-खोत पाठीवर हात आणि तोंडाने शब्द एका वेळी लागतो आणि तो स्पष्ट लागतो. नाहीतर फाऊल, मग आक्रमकाला आपली दिशा सोडून उलट जावं लागतं आणि हातातोंडाशी आलेला गडी सुटतो. या मुलींचे ओठ हलताना दिसत, आवाज नाही. शिट्टी मी वाजवत होतो. एकदा वाजवली, दोनदा वाजवली, पुढे वाजवतच राहिलो. प्रत्येक शिट्टीला त्यांचा आवाज आणखी बारीक होई. मराठी शाळेत येऊन दोन-तीन वर्षं झालेली, घरी कोकणी किंवा भिली बोलणारी, अनोळखी गर्दीसमोर मोठ्याने एक अक्षर काढायला लाजणारी लेकरं ती. पळतीत पुढे असलेला संघ नुसत्या लाजेपायी हरला.

त्यांचे सर गप्प गृहस्थ. मला काही बोलले नाहीत, वाद घातला नाही. दुसऱ्या वर्षी त्याच मुली आल्या, तेव्हा कळलं की रोज संध्याकाळी त्यांना दोन टेकड्यांवर अर्ध्या अर्ध्या उभ्या करून ते समोरासमोर खो म्हणायला लावायचे. इकडच्यांचा आवाज तिकडे पोहोचला तर जेवणाची घंटा. त्या वर्षी त्यांचा पहिला खो मैदानावर पडला तेव्हा शेजारच्या मैदानावरची कबड्डी थांबली. तालुका त्यांनी एक डाव राखून मारला. मला विचाराल तर मी पाहिलेला सगळ्यात सुंदर खेळ तो नव्हता. पहिल्या वर्षीचा मुका खेळ जास्त देखणा होता. पण नोंदपत्रकात देखणेपणाला रकाना नसतो.

दुसरा संघ अगदी उलट. कांद्याच्या पट्ट्यातलं एक गाव, नाव कशाला घ्यायचं, सगळी मुलं एकाच भावकीतली. आडनाव एकच, म्हणून नोंदपत्रकावर आम्ही आजोबांच्या नावावरून त्यांना ओळखायचो. आरडाओरडा एवढा की मैदान यांच्या बापाचं वाटावं. बाहेर उभे काका, आप्पा, आबा सगळे: "पय रे पोऱ्या, पय!" "धर तेले, सोडू नको!" यांचा खो ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. भानगड वेगळी होती. दोन चुलतभावांच्या घरांत बांधावरून तेढ होती आणि आयांनी बजावून ठेवलं होतं, त्या घराशी बोलायचं नाही. तेरा वर्षांच्या पोरांनी ते शब्दशः घेतलं. थोरला धाकट्याला खो देईना. त्याच्यापाशी आला की त्याला ओलांडून पुढच्याला द्यायचा. धाकटाही तसाच.

गंमत अशी की त्याने समोरचा संघ पार गोंधळला. पळणारा एकेरी साखळी करत येतो तेव्हा त्याच्या अंगात एक हिशेब बसलेला असतो: हा उठेल, मग तो उठेल. इथे मधलाच गडी उठत नव्हता आणि पुढचा अचानक अंगावर येत होता. प्रतिस्पर्ध्यांच्या सरांना ती डावपेचाची नवी तऱ्हा वाटली. मध्यंतराला ते मला विचारायला आले, हे कुठल्या शिबिरात शिकवतात? मी काय सांगणार. भावकीच्या शिबिरात, म्हणालो. तो सामना ते जिंकले, पुढचाही जिंकले. नंतर बांधाचं मिटलं म्हणतात, आणि पोरं एकमेकांना रीतसर खो द्यायला लागली तशी सामान्य झाली.

तालुक्यातून वर जाणं मात्र त्या काळी सोपं नव्हतं, आणि याचं कारण नकाशात होतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. त्याआधी जिल्हा स्पर्धा म्हणजे दहा तालुके: आम्ही, धुळे, शिरपूर, शिंदखेडा, आणि त्यांच्याबरोबर नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी, नंदुरबार. सातपुड्यातून उतरलेले संघ. त्यांच्यासमोर आमची डोंगरातली मुलंसुद्धा शहरी वाटायची. धडगावकडची पोरं धुळ्याला पोहोचायला एक दिवस आधी निघत, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपत, बरोबर आणलेली भाकर-चटणी खात आणि सकाळी मैदानावर आम्हाला धुऊन काढत. जिल्हा फुटला आणि ते एका फटक्यात आमच्या वाटेतून गेले. चार तालुक्यांत पहिलं येणं सोपं झालं. आमच्या शाळेच्या कपाटात ढाली वाढल्या त्या १९९८ नंतर. कार्यक्रमांत त्या ढालींचा उल्लेख व्हायचा तेव्हा मी टाळ्या वाजवायचो, पण मला आधीच्या वर्षांतलं तिसऱ्या फेरीपर्यंत पोहोचणं जास्त मोलाचं वाटे, आणि अजूनही वाटतं.

धुळ्याच्या वाऱ्या झाल्या त्यांत एक मजेदार दुपार. आमचा सामना लांबला होता म्हणून मी पोरांना घेऊन जवळच्या मैदानावर बास्केटबॉल पाहायला गेलो. कॉन्व्हेंट शाळेच्या मुलींचा संघ होता. सिमेंटचं पक्कं मैदान, रंगवलेल्या रेषा, पायात बूट, अंगात आकड्यांचे बनियन, बाजूला एक सिस्टर हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी आणि पोरींपेक्षा जास्त चिडलेली. मिशनऱ्यांच्या आणि वाय.एम.सी.ए.च्या हाताने हा खेळ आपल्याकडे आला. १८९१ मध्ये अमेरिकेत हिवाळ्यात बाहेर खेळता येईना म्हणून एका मास्तराने, नेस्मिथने, पीचच्या टोपल्या गॅलरीला ठोकून तो सुरू केला. तोही आमच्यासारखा पी.टी.चा मास्तर, फक्त त्याला बर्फाची अडचण आणि आम्हाला चिखलाची. मी पोरांना हे सांगत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. एकजण बराच वेळ पाहून म्हणाला, "सर, ह्या खाले काबर नही बसतस?" सगळेच एकदम पळतात, हे त्याला पटेना. आठ जणांनी बसायचं, एकाने पळायचं, आणि बसलेल्यांनी आपली पाळी येईतो टपून राहायचं, यात खेळ असतो असं त्याचं मत. त्या सिस्टर मात्र नंतर आमचा सामना पाहायला आल्या आणि खांबावरचा सूर पाहून त्यांनी छातीवर क्रूस केला.

विभागीय स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे येत, आणि आमच्या दृष्टीने ते वाईटच. दिवाळी झाली की पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या रिकाम्या होतात. टोळ्या उसतोडीला गुजरातेत उतरतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि धाकटं सांभाळायला बारा-तेरा वर्षांचं पोर. एका वर्षी आमच्या मुलांच्या संघातले तीन गडी असे गेले, त्यांत शेवटच्या तुकडीत पळणारा, जो बाद व्हायचं विसरून जायचा. मुख्याध्यापक आणि मी त्याच्या वडिलांकडे गेलो. ट्रक उभाच होता, भांडी, कोंबड्या, चुलीचे दगडसुद्धा चढवलेले. वडील म्हणाले, "सर, उचल घेतली आहे. हा नाही आला तर लहानीला कोण बघेल?" याला उत्तर नव्हतं. मुकादमाशी बोलून आठ दिवस मागता येतील का, हे मुख्याध्यापकांनी विचारून पाहिलं, मुकादम हसला. नाशिकला आम्ही बदली मुलं घेऊन गेलो आणि डावाने हरलो. पूर्ण संघ असता तर जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही. नाशिकचे संघ तेव्हाही फार पुढचे होते. पण सामना झाला असता.

आता खेळ गादीवर गेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. आमच्या गावात ते सामने लोकांनी मोबाईलवर पाहिले. एक जुना गडी म्हणाला, गादीवर सूर मारायला काय लागतं, आमच्यासारखं खडीवर मारून दाखवा. मला तसं वाटत नाही. गुडघे फुटण्यात शौर्य काही नाही. मी किती पोरांच्या गुडघ्यांतून खडे काढलेत ते मला माहीत आहे. माझी तक्रार दुसरीच आहे. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, ही सवलत चांगली. पण त्यामुळे सतराच्या गटात पालक संघ चालवायला लागले. कोणाला बारा जणांत घ्यायचं, कोणाला नाही, यावर फोन येतात. चौदाच्या गटाकडे अजून कोणाचं फारसं लक्ष नाही, आणि म्हणूनच तिथे अजून खेळ दिसतो.

जुन्या संघांच्या नोंदी म्हणाल तर कुठे नाहीत. नोंदपत्रकं तालुक्याला जमा व्हायची, तिथून पुढे त्यांचं काय झालं कोण जाणे. त्यामुळे त्या भावकीच्या संघातले दोघे, आज चाळिशी उलटलेले, बसस्टँडवरच्या चहाच्या गाडीवर भेटले की मला साक्षीला ओढतात. एक मका विकून आलेला असतो, एक पिकअप चालवतो. त्यांचा वाद एवढाच की फायनलला शेवटचा गडी कोणी मारला.

"सर, तुम्हीच सांगा. खांबावर मी व्हतू का हाऊ?"

मी सांगतो, मी त्या सामन्याला पंच नव्हतो, वेळाधिकारी होतो, माझे डोळे घड्याळावर होते. हे खरंच आहे. त्यांना ते पटत नाही. दोघेही म्हणतात, सर मुद्दाम सांगत नाहीत, आणि चहाचे पैसे मला देऊ देत नाहीत.