दोन जोहार

आमच्या घरात एकवेळ शिवी खपून जाई, पण 'जोहार' खपत नसे.

आजोबा भंडारा जिल्ह्यातले. मालगुजाराच्या वाड्याबाहेर लांब उभं राहून, कमरेत वाकून ते जोहार करत. रामराम कुणी म्हणायचा, दंडवत कुणाला घालायचा आणि जोहार कुणाच्या वाट्याचा, हे जन्मानंच ठरलेलं. चोखोबांच्या अभंगातून तो विठ्ठलापर्यंत पोचला, नाथांच्या भारुडातही आला. गावात मात्र महाराच्याच तोंडी राहिला. पुढं कामठीच्या बाबू हरदासांनी 'जयभीम' रूढ केला, आजोबांनी तो उचलला. 1956 साली नागपुरात दीक्षा घेतल्यावर जोहार घरातून कायमचा गेला.

वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले. सोव्हिएत मदतीनं उभारलेल्या तिथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी 4 फेब्रुवारी 1959ला केलेलं. नोकरीच्या पहिल्याच पाळीला शेजारचा गोंड कामगार हात जोडून म्हणाला, "जय जोहार, भैया!" वडील चरकले. आपली जात याला कुणी सांगितली?

आठवडाभर ते त्याला टाळत राहिले. मग एकदा त्यांनी पाहिलं, तोच गडी फोरमनलाही तस्साच जोहार करतोय. मान ताठ, पाठ सरळ. आणि फोरमनही उलट जोहार म्हणतोय.

हिंदीतला जुहार तो हाच. अर्थ नुसता वंदन. चितेचा जोहार वेगळा. कमरेतला बाक शब्दात नव्हताच, तो आमच्या गावानं घातलेला. छत्तीसगडच्या रानात आणि शेतावर त्याच शब्दानं बरोबरीची माणसं एकमेकांना भेटत होती. 2000 साली इथं वेगळं राज्य झालं. आता मंत्रीही भाषणाची सुरुवात 'जय जोहार'नं करतात.

हे सगळं वडिलांना पटलं होतं. तरी तो शब्द त्यांच्या ओठांवर कधी आला नाही. समोरून जोहार आला की ते हात जोडून जयभीम म्हणत, आणि गोंड भैयाला त्यात काही उणं वाटलं नाही.

मी भिलाईत रोज जोहार म्हणतो. भंडाऱ्याला गेलो की म्हणत नाही.