एकच वही

रिठदला घरी आलो की बाबांचे शेतीचे हिशेब माझ्याकडे येतात. सोयाबीन, तूर, हरभरा. दर हंगामाची एक साधी मजकूर फाईल. लॅपटॉप जुना, म्हणून सगळं टर्मिनलमध्येच. पडद्याचे भाग पाडणाऱ्या टीमक्समध्ये डावीकडे फाईली शोधायला 'एनएनएन', उजवीकडे लिहायला 'निओव्हिम' हा एडिटर.

पण यादीत फाईलवर 'ई' दाबलं की उजवीकडचा एडिटर तसाच राहायचा आणि डावीकडे दुसरा उघडायचा. एकदा सोयाबीनची फाईल अशी दोन्हीकडे उघडली गेली. एकीकडे मळणीची मजुरी लिहिली, दुसरीकडे फवारणीचा खर्च. जतन करताना 'फाईल बदलली आहे, तरी लिहायची का?' असं एडिटरनं विचारलंही. मी घाईत हो म्हटलं आणि मजुरीच्या ओळी गेल्या. बाबांनी आठवून पुन्हा सांगितल्या. मग म्हणाले, "एकच वही दोन जागी लिहिली तं हिशेब जुळन कसा?"

त्या रात्री तेच धरून बसलो. एनएनएन स्वतः काही लिहीत नाही. 'एडिटर' या चलात ज्या प्रोग्रामचं नाव असेल तो नव्यानं सुरू करतो, एवढंच. चालू एडिटरला निरोप धाडायचा तर त्याला पत्ता हवा. निओव्हिम 'लिसन' पर्यायानं सुरू केला की तो ठरलेल्या सॉकेटच्या पत्त्यावर वाट पाहतो; दुसरीकडून 'सर्व्हर'ला तो पत्ता आणि 'रिमोट'ला फाईलचं नाव दिलं की फाईल तिथेच उघडते. २०२२च्या ०.७ आवृत्तीपासून ही सोय त्यात आहे. दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली, तिचं नाव 'एडिटर' चलात घातलं.

सकाळी फाईलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट रुसलं. कमिटचा, म्हणजे नोंदीचा, संदेश लिहायला ते त्याच चलातला एडिटर उघडतं आणि तो बंद व्हायची वाट पाहतं. माझी स्क्रिप्ट निरोप देऊन लगेच परतायची, म्हणून संदेश रिकामा समजून कमिट रद्द. तेव्हा ते चल फक्त एनएनएन सुरू करतानाच द्यायला लागलो.

आता सगळ्या फाईली एकाच एडिटरात असतात. तुरीच्या फाईलमधून उचललेल्या ओळी हरभऱ्यात चिकटवता येतात, अर्धवट लिहिलेलं मागे तसंच थांबतं. मला याचं फार अप्रूप आहे.

परवा बाबा खाटेवर बसून म्हणाले, "मागच्या सालची तूर काढ." मी 'ई' दाबलं. उजवीकडे तूर आली. "हं, लिही," म्हणाले, "बियाणं..."