पडलेली गाडी कुठं जात नाही

आमच्या चंदगड तालुक्यात जूनपासून पाऊस हटत नाही आणि दिवाळीनंतर चार-पाच महिने ऊस रस्त्यावरनं हटत नाही. रस्ते मात्र तेच. बेळगावहून वेंगुर्ल्याला जाणारा रस्ता शिनोळी, पाटणे फाटा, हलकर्णी, नागनवाडी करत आमच्या तालुक्यातनं जातो आणि पुढं आंबोलीच्या घाटानं कोकणात उतरतो. दुसरा रस्ता हेरे-पार्ल्याकडनं तिलारीच्या घाटानं दोडामार्गात, म्हणजे गोव्याच्या दारात उतरतो. या रस्त्यांवर ज्या गाड्या बंद पडतात, घसरतात, उलटतात, त्या काढून गॅरेजपर्यंत पोचवणं हा माझा धंदा. मला लोक क्रेनवाला म्हणून ओळखतात.

आईला हा धंदा कधी आवडला नाही. "लोकांचं वाईट झालं की तुझं बरं होतंय, असला कसला रे धंदा?" असं ती म्हणायची. मी म्हणायचो, "डॉक्टरचं काय वेगळं असतंय, आई?" त्यावर ती म्हणायची, "डॉक्टर रस्त्यावर उभा राहून गिऱ्हाईक करत न्हाई." या बोलण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

माझी क्रेन जुन्या ट्रकच्या चासीवर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बांधून घेतलेली आहे. ज्या वस्तादानं बांधली त्याच्याकडंच मी काही महिने काम शिकलो. खटका कुठला कधी ओढायचा हे त्यानं आठवड्यात शिकवलं. बाकीचे सगळे महिने उभं कुठं राहायचं हेच शिकवण्यात गेले. "वायर रोप ताणला की त्याच्या रेषेत बापालाबी उभा करायचा न्हाई," असं तो म्हणायचा. रोपाला ताण बसला की तो नुसता उभा दिसतो, पण त्यात जोर साठलेला असतो. तो तुटला किंवा हुक निसटला तर उलटा येतो, आणि येताना माणूस बघत नाही. म्हणून ओढायच्या आधी आम्ही रोपाच्या मधोमध भिजवलेलं पोतं टाकतो. तुटलाच तर पोत्याच्या वजनानं तो खाली बसायला मदत होते. रोपातली एक-एक तार तुटायला लागली, पीळ सुटला किंवा रोप चेपला की तो बदलायचा. नवा रोप महाग पडतो, पण त्यावर घासाघीस करायची नाही.

या धंद्यात वजनापेक्षा गर्दी अवघड. गाडी पडली की पंधरा मिनिटांत तिथं पन्नास माणसं जमतात. निम्मी मोबाईलवर शूटिंग करतात, निम्मी सल्ले देतात. "डावीकडनं वढा!" "अवो, पुढनं हुक लावा!" त्यात एखादे अण्णा रोपावर हात टेकून उभे असतात. त्यांना "अण्णा, मागं सरा" म्हटलं की राग येतो. मग मी युक्ती करतो. त्यांनाच सांगतो, "अण्णा, तुमचा आवाज मोठा हाय. ही माणसं जरा तुम्ही मागं घ्या." मग अण्णा दहा माणसांना घेऊन लांब जातात. रोप जेवढा लांब सोडलाय त्याच्या पलीकडं माणसं, असा माझा हिशोब.

ऊस हंगामातलं काम वेगळं. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, उसाची उंची आभाळाला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. रात्री ट्रॉलीचा आख तुटला की ती जागेवर बसते. ड्रायव्हर चाकाला दगडाची उटी लावतो, मागं वीस-पंचवीस पावलांवर चार दगड मांडतो, झाडाची फांदी टाकतो. अंधारात त्याच्याकडं दुसरं काय असणार? पण सकाळी ट्रॉली निघते, ट्रॅक्टर कारखान्याला जातो आणि दगड रस्त्यावरच राहतात. त्या रात्री कुणी मोटरसायकलवाला त्या दगडावर जातो. अशा दोन गाड्या मी उचलल्यात. तेव्हापासनं माझ्या क्रेनवर नियम आहे : काम संपलं की दगड उचलायचे, फांदी गटारीपलीकडं टाकायची, सांडलेल्या डिझेलवर माती पसरायची आणि मगच पैशाचं बोलायचं.

पैसे वाचवायला काही जण क्रेन बोलवतच नाहीत. ओळखीचा ट्रॅक्टर आणतात, कासरा बांधतात आणि गाडी ओढत नेतात. नियमात दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावं आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नसावा, असं आहे. पण खरा धोका ओढल्या जाणाऱ्या गाडीत असतो. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. सपाटीला चालून जातं. उतार लागला की मागची गाडी पुढच्यावर जाते. ट्रकचं तर आणखी वेगळं. हवेचा दाब उतरला की मागची चाकं आपोआप जाम होतात. ती हातानं सोडवावी लागतात, पण त्याआधी उटी लावायची, नाहीतर सुटलेला ट्रक अंगावर येतो. आणि लांब ओढत न्यायचा असला तर प्रॉपेलर शाफ्ट काढावा लागतो, नाहीतर गिअरबॉक्स तेलावाचून जळतो. हे सांगितलं की गिऱ्हाइकाला वाटतं, बिल वाढवायला बोलतोय.

आमचा तालुका दोन राज्यांच्या हद्दीला. एका बाजूला कर्नाटक, पलीकडं गोवा, मधे सिंधुदुर्ग. तिलारीच्या घाटात वर पडलेली गाडी आमच्या हद्दीत आणि खालच्या वळणावरची दोडामार्गच्या. माणूस जखमी असला तर पोलिसांनी पंचनामा केल्याशिवाय हुक लावता येत नाही. लोक ओरडतात, "रस्ता मोकळा करा!" मी म्हणतो, माणूस आधी हलवा, गाडीला हात लावू नका. माणूस हलवायला लोक अजून घाबरतात, पोलिसांचं झेंगट नको म्हणून. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, आणि स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही. मी हे चहाच्या टपरीवर, बसस्टॉपवर सांगत असतो. १०८ आणि ११२ हे नंबर क्रेनच्या दारावर माझ्या नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात रंगवून घेतलेत. गवा आडवा येऊन गाडी ठोकली असली तर वनखात्याचा १९२६. जखमी गवा झुडपात बसलेला असतो आणि गाडी बघायला गेलेल्या माणसाला तो दिसत नाही.

आता तिलारी घाटातली एक गोष्ट सांगतो. हा रस्ता मुळात तिलारी प्रकल्पाच्या कामासाठी काढलेला. उतार तीव्र, वळणं एकदम काटकोनात. अवजड वाहतूक बंद ठेवायची वेळही इथं आली आहे. जुलै महिना होता. काजूगराचे खोके घेऊन गोव्याला निघालेला पिकअप रात्री वळणावर घसरला आणि वीसेक फूट खाली एका झाडाला अडकला. ड्रायव्हर वर आला होता, हात मोडला होता, त्याला दवाखान्यात पाठवलं. मालक धावत आला. तालुक्यातलाच माणूस, घरगुती काजू कारखाना, बँकेचं कर्ज. ताडपत्री फाटली होती.

"आत्ताच काढा, मामा. सगळा माल भिजूलाय. दुप्पट देतो."

मी बॅटरी घेऊन कडेला गेलो. धुकं इतकं की झाडाचा शेंडा दिसत नव्हता. क्रेनचे पाय जिथं टेकायचे तिथं डांबराला चीर होती आणि चिरेतनं पाणी आत जात होतं. मी म्हटलं, "सकाळी."

तो रडकुंडीला आला, मग चिडला. "दुसऱ्याच्या घरादाराचं तुमाला काय पडलंय!" म्हणाला. मी काही बोललो नाही. पडलेली गाडी कुठं जात नाही, पण ती काढताना आणखी दोन माणसं खाली जाऊ शकतात, हे भिजणाऱ्या मालापुढं उभ्या असलेल्या माणसाला कसं पटवायचं? त्याचं नुकसान डोळ्यासमोर होतं आणि माझी भीती नुसती बोलण्यात होती.

रात्रभर आम्ही तिथंच थांबलो. वरच्या वळणावर एक माणूस बॅटरी घेऊन, खालच्या वळणावर दुसरा, मधे लाल त्रिकोण आणि क्रेनचा पिवळा दिवा. मालकही आमच्याबरोबर भिजत उभा राहिला. पहाटेपर्यंत तीन गाड्या धुक्यातनं आल्या आणि दिवा बघून थांबल्या.

उजाडल्यावर बघितलं तर चिरेपलीकडचं डांबर वीतभर खाली बसलं होतं. क्रेन आतल्या अंगाला, डोंगराच्या बाजूला उभी केली, पुढं कप्पी बांधून रोप वळवला आणि पिकअप सावकाश वर घेतला. निम्मे खोके भिजले होते. मालकानं ठरलेल्यातले थोडे कमी करून पैसे मोजले आणि न बोलता निघून गेला. मीही मागितले नाहीत. त्याचे खोके त्याला मोजता येत होते. जे घडलं नाही त्याची पावती कुणी फाडत नाही.

दिवाळीच्या सुमाराला एक फोन आला. "तुमचा नंबर एका काजूवाल्यांनी दिलाय." काय सांगून दिला ते मी विचारलं नाही.

आता माझ्याकडं आयटीआय झालेला एक पोरगा आहे. त्याला खटक्यांच्या आधी फोन घ्यायला शिकवला. लोक फोनवर आधी गाडीचं नाव सांगतात, रेट विचारतात. आपण विचारायचं : माणसं कुठं हायत? गाडी रस्त्यावर हाय का खाली? डिझेलचा, गॅसचा वास येतोय का? सगळ्यांना गाडीपासनं लांब, रस्त्याच्या बाहेर उभं करा. रेट त्यानंतर. सुरुवातीला तो लाजायचा. "काका, गिऱ्हाईक दुसऱ्याला फोन लावंल," म्हणायचा. लावतातही काही जण.

परवा पाटणे फाट्याजवळ उसाची ट्रॉली काढली. मालक घाईत होता, पैसे काढून हातात देत होता. पोरगं मागं अंधारात कुठं दिसेना. मी हाक मारली तर लांबनं आवाज आला, "आलो काका, दोन दगड राहिलेत."