डिचोलीची बेगमी

वैशाख सरत आला, पश्चिमेकडे ढग जमू लागले, की कोकणातील गृहिणीची धांदल उडते. आगोट जवळ आली! मृगाची पहिली सर कोसळण्यापूर्वी पावसाळ्याची बेगमी घरात यावयास हवी. ह्या बेगमीस गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. ‘प्रोविमेंतु’ ह्या पोर्तुगीज शब्दाचे हे कोकणी रूप. मडगावास पेंतेकोस्ताच्या सणाला जी मोठी फेरी भरते, तिचे नावच मुळी ‘पुरुमेंताचे फेस्त’. परंतु हे पुरुमेंत मला जवळून पाहावयास मिळाले ते मडगावास नव्हे, तर डिचोलीस.

मे महिन्यातील एका बुधवारी मी सावंतवाडीहून दोडामार्गमार्गे तेथे पोहोचलो. बुधवार हा डिचोलीच्या बाजाराचा दिवस. तांबड्या मिरच्यांच्या राशी, कांद्याच्या माळा, चिंचेचे गोळे, सुकी सुंगटे, खारे बांगडे आणि डिचोलीच्या कुंभारांची मडकी ह्यांनी बाजार फुलला होता. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. ताजा मासा दुर्मिळ होतो. म्हणून खाऱ्या मासळीची तजवीज आधीच करावी लागते.

बाजारातून मी एका परिचित कुटुंबाकडे गेलो. सत्तरी ओलांडलेली घरची आजी अंगणात चटईवर भिरंडांच्या साली उलटीत बसली होती. भिरंडे म्हणजे आपले रातांबे. पिकलेले फळ फोडून साल वेगळी करावयाची, गरात मीठ घालून रस काढावयाचा, त्या रसात साल बुडवून पुन्हा उन्हात घालावयाची. असे कित्येक दिवस केल्यावर काळीभोर, मऊ सोले तयार होतात. उरलेला खारा रस हे आगळ. त्याची कढी होते. बियांचे तेल निघते, ते भेगाळलेल्या टाचांना लावतात. टाकून द्यावे असे काहीच नाही! गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात ह्या फळाचा उल्लेख केला आहे. आजीला ते सांगताच ती हसली. “फादर, त्याला कोणी तरी बाईनेच दाखविले असेल,” ती म्हणाली.

मग तिने मला आपली कोठी दाखविली. चिनी मातीच्या बरणीत कोवळ्या कैऱ्या मिठात घालून वर दगड ठेवला होता. मीठ कैरीतील पाणी ओढून घेते, त्याच खाऱ्या पाण्यात कैरी बुडून राहते, आणि तेथे सडविणाऱ्या जंतूंचे काही चालत नाही. “मात्र ओला हात लागता कामा नये. लागला की बरणी गेलीच,” आजीने बजाविले. फणसाच्या आठळ्यांना तांबड्या मातीचा लेप देऊन त्या कोपऱ्यात रचल्या होत्या. श्रावणात भाजीला उपयोगी पडाव्यात म्हणून. आंब्याची साठे शेजारच्या हिंदू घरातून आली होती. त्या घरी येथून आगळाची बाटली जाते. हा व्यवहार दोघींच्या सासवांपासूनचा.

दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि मिठातली कैरी पानात आली. सेमिनरीत हे अन्न मी किती वेळा खाल्ले असेन, पण त्यामागे कोणाची पाठ उन्हात भाजली, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता.

जेवताना आजीने आपली कहाणी सांगितली. डिचोली हा लोहखनिजाचा तालुका. तिच्या मुलाचा ट्रक खाणीवर चालत असे. घरात पैसा खेळू लागला, सारे काही दुकानातून येऊ लागले. मुलगा म्हणे, “आई, आता उन्हात कशाला राबतेस?” पण तिने हात थांबविला नाही. 2012 साली गोव्यातील खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. “बरणीने कर्ज फिटत नाही, फादर. पण पुढचे दोन पावसाळे आम्ही ह्या कोठीवर काढले. मुलांपुढचे ताट रिकामे राहिले नाही,” ती म्हणाली.

मी विचारले, “आता हे कोण शिकते आहे?” तिने उत्तर दिले नाही. सून पणजीस नोकरीला, मुलगी परदेशी, नातवंडे शाळेत. सुनेला दोष देणे अन्यायाचे होईल. सकाळी निघून रात्री परतणाऱ्या स्त्रीने उन्हात साली केव्हा उलटाव्यात? हे काम एकट्या बाईच्या पाठीवर टाकले, म्हणून तर ते तिच्याबरोबर संपत आले आहे. इतक्यात धाकटा नातू आला आणि दगड उचलावयास आजीला मदत करू लागला. “आधी हात पूस!” ती ओरडली. त्याने मुकाट्याने सदऱ्याला हात पुसले.

वाचकहो, वसईच्या सुकेळ्यांपासून डिचोलीच्या सोलांपर्यंत आपल्या प्रत्येक गावाची अशी काही ना काही बेगमी आहे. येत्या वैशाखात एक दिवस आपल्या घरच्या आजीजवळ बसा. मुलींना बसवा, तसेच मुलांनाही. मीठ किती, ऊन किती दिवस, हे तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि दगड उचलावयाचा असेल, तर तो तिला उचलू देऊ नका.