सूडाचा न्याय आणि बळींची आठवण : ‘विन्चेन्झो’ ही कोरियन मालिका पाहण्याचा अनुभव

ज्या कथेत कायदा जाणणारा माणूसच कायद्याची चौकट ओलांडून अन्यायाची परतफेड करतो, त्या कथेला सोयीसाठी ‘कायदेविषयक सूडनाट्य’ म्हणता येईल. दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवर गेल्या दशकात हा प्रकार चांगलाच रुजला असून ‘रिमेंबर’ (२०१५-१६), ‘लॉलेस लॉयर’ (२०१८) आणि ‘द डेव्हिल जज’ (२०२१) ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. या प्रकारातील सर्वांत गाजलेल्या मालिकांपैकी एक म्हणजे ‘विन्चेन्झो’. लेखक पार्क जे-बम आणि दिग्दर्शिका किम ही-वॉन यांची ही वीस भागांची मालिका टीव्हीएन या कोरियन वाहिनीवर २० फेब्रुवारी ते २ मे २०२१ या काळात प्रक्षेपित झाली आणि नेटफ्लिक्सद्वारे भारतातील प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली. प्रत्येक भाग तासाभराहून मोठा असल्याने ही मालिका संपूर्ण पाहणे म्हणजे एका दीर्घ कादंबरीच्या सहवासात राहणे होय, आणि त्या सहवासात पाहणाऱ्याची न्यायबुद्धी कोठे जागी होते, कोठे सुखावते आणि कोठे अस्वस्थ होते, याची नोंद घेतली असता मालिकेचे गुण आणि दोष दोन्ही एकाच मुळातून आलेले दिसतात.

कथेचा नायक विन्चेन्झो कसानो हा जन्माने कोरियन असून त्याचे मूळ नाव पार्क जू-ह्योंग आहे. लहानपणी एका इटालियन दांपत्याने दत्तक घेतलेला हा मुलगा पुढे माफिया टोळीचा ‘कॉन्सिलिएरे’, म्हणजे टोळीप्रमुखाला कायद्याचा आणि डावपेचांचा सल्ला देणारा विश्वासू सल्लागार बनतो. टोळीतील वारसाहक्काच्या वादानंतर तो सोलला परततो, तो ग्युमगा प्लाझा या जुनाट इमारतीखाली दडवलेले दीड टन सोने काढून नेण्यासाठी. मात्र ती इमारत बाबेल नावाच्या बलाढ्य उद्योगसमूहाने बळकावलेली असते, तिथल्या भाडेकरूंना हुसकावण्याचे काम सुरू असते, आणि त्यांच्या बाजूने ‘जिपुरागी’ नावाच्या छोट्या कार्यालयातून होंग यू-चान हा एकाकी वकील लढत असतो. यू-चानची मुलगी होंग चा-यंग मात्र बाबेलचे खटले चालवणाऱ्या ‘वूसांग’ या श्रीमंत वकिली संस्थेत नोकरीला असते. सोन्याच्या लोभाने आलेला नायक आणि वडिलांपासून दुरावलेली मुलगी एकाच लढ्यात कसे ओढले जातात, हा मालिकेचा कणा आहे.

हा संघर्ष कोरियन प्रेक्षकांना इतका जवळचा का वाटला, हे समजण्यासाठी तेथील न्यायव्यवहाराची थोडी पार्श्वभूमी आवश्यक ठरते. एका कुटुंबाच्या ताब्यातील अवाढव्य उद्योगसमूहाला तिथे ‘चेबोल’ म्हणतात, आणि अशा समूहांच्या प्रमुखांना तीन वर्षांची शिक्षा ठोठावून ती पाच वर्षांसाठी स्थगित ठेवण्याचा प्रकार इतक्या वेळा घडला की लोकांनी त्याला ‘तीन-पाचचा नियम’ असेच नाव दिले. सॅमसंगचे अध्यक्ष ली कुन-ही यांना करचुकवेगिरीच्या प्रकरणात झालेली शिक्षा डिसेंबर २००९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफ केली. त्यांचे पुत्र ली जे-योंग यांना लाचखोरीबद्दल जानेवारी २०२१ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली, परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पॅरोलवर, म्हणजे शिक्षेची मुदत संपण्यापूर्वी अटींवर, बाहेर आले. ‘विन्चेन्झो’चे प्रक्षेपण नेमके या दोन घटनांच्या मधल्या काळातले आहे. याखेरीज कोरियात फौजदारी आरोप दाखल करण्याचा अधिकार दीर्घकाळ जवळजवळ केवळ सरकारी अभियोक्त्यांच्या हाती एकवटला होता, आणि निवृत्त न्यायाधीश वा अभियोक्ते खासगी वकिलीत गेल्यावर जुने सहकारी त्यांना झुकते माप देतात, ही ‘जोंगवान येऊ’ नावाने ओळखली जाणारी प्रथा तेथील जनतेच्या संतापाचा जुना विषय आहे. एका माजी अभियोक्त्रीला मालिकेने बाबेलची मुख्य सल्लागार केले आहे, ही निवड त्यामुळे केवळ कथेच्या सोयीची राहत नाही.

पहिल्या चार भागांचा अनुभव हा मालिकेतील सर्वांत सलग आणि सर्वांत समाधान देणारा आहे. या भागांत होंग यू-चानचे पात्र सावकाश उभे राहते. यू जे-म्युंग या अभिनेत्याने त्याला दिलेला थकलेला, पण न खचणारा स्वभाव पाहणाऱ्याच्या मनात असे घर करतो की बाबेलच्या हस्तकांनी घडवलेला त्याचा मृत्यू हा कथेतला धक्का न राहता खरा वियोग वाटतो. चौथ्या भागाच्या अखेरीस विन्चेन्झो आणि चा-यंग बाबेलच्या व्यसनकारक वेदनाशामकाचा कच्चा माल साठवलेले गोदाम पेटवून देतात, तेव्हा पाहणारा त्या बेकायदा कृत्याला मनोमन संमती देतो, आणि ही संमती बारकाईने तपासून पाहण्याजोगी आहे. तिच्यामागे तीन गोष्टी आहेत : मेलेला माणूस पाहणाऱ्याच्या ओळखीचा आहे, सूड घेणारी व्यक्ती त्याची सख्खी मुलगी आहे, आणि नष्ट होणारी वस्तू ही पुढील बळी घेणारे द्रव्य आहे. येथे सूड, शोक आणि सार्वजनिक हित एका रेषेत आलेले आहेत.

मालिकेचे दुसरे मोठे बळ ग्युमगा प्लाझाच्या रहिवाशांत आहे. कपडे धुऊन देणारा दुकानदार, इटलीत शिकल्याची बढाई मारणारा स्वयंपाकी, नृत्यशिक्षक, पियानो शिकवणारी तरुणी, गहाणवटीचे दुकान चालवणारे जोडपे आणि तळमजल्यावरच्या छोट्या बौद्ध मंदिरातील भिक्षू अशी ही माणसे सुरुवातीला निव्वळ विनोदासाठी आणल्यासारखी वाटतात, परंतु हळूहळू प्रत्येकाजवळ दडलेले काही कसब बाहेर येते आणि विखुरलेले भाडेकरू एकत्र उभे राहतात. सोलच्या इतिहासात पुनर्विकास हा रक्तरंजित विषय आहे; २० जानेवारी २००९ रोजी योंगसान भागात इमारत सोडण्यास नकार देणाऱ्या भाडेकरूंवर पोलिसांनी केलेल्या कारवाईत आग लागून पाच आंदोलक आणि एक पोलीस मृत्युमुखी पडले होते. ती आठवण असलेल्या समाजात भाडेकरूंचा विजय दाखवणे ही मोठी भावनिक भरपाई ठरते, आणि जुन्या चाळींच्या पुनर्विकासात बिल्डर, भाडेकरू आणि संमतीपत्रे यांचे ताणतणाव जवळून पाहिलेल्या मुंबईकर मराठी प्रेक्षकालाही हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

खलपात्रांची रचना हे तिसरे बळ होय. किम यो-जिन यांनी साकारलेली चोई म्युंग-ही ही माजी अभियोक्त्री स्वतःचे कपडे निवांतपणे धुते, झुंबा नृत्याचा मनापासून आनंद घेते आणि त्याच सहजतेने माणसे मारण्याचे आदेश देते. तिच्यातील दुष्टपणा रागातून किंवा विकृतीतून येत नाही, तर कायद्याच्या प्रत्येक फटीची व्यावसायिक माहिती असण्यातून येतो, म्हणून तो अधिक भयावह वाटतो. चेबोलच्या खऱ्या वारसाने, म्हणजे जांग हान-सोकने, प्रशिक्षणार्थी वकिलाच्या वेशात वावरणे ही कल्पना नाट्यमय असली तरी तिला खोली देतो तो त्याचा सावत्र भाऊ जांग हान-सो. क्वाक दोंग-यॉन या अभिनेत्याने या भेदरलेल्या, मारहाण सोसलेल्या तरुणाचा भित्र्या साथीदारापासून स्वतःचा जीव पणाला लावणाऱ्या माणसापर्यंतचा प्रवास फार संयमाने रंगवला आहे. त्याचप्रमाणे न केलेल्या खुनासाठी तुरुंगात खितपत पडलेली ओ ग्योंग-जा आणि विन्चेन्झो हे मायलेक असल्याची जाणीव मालिका मोठ्या आक्रोशाविना, दबलेल्या नजरांतून व्यक्त होऊ देते, आणि एरवी सर्व काही उंच स्वरात सांगणाऱ्या या कथेत तो संयम विशेष उठून दिसतो.

दोषांकडे वळताना प्रथम स्वरभेदाचा उल्लेख करावा लागतो. पार्क जे-बम यांच्या ‘चीफ किम’ (२०१७) आणि ‘द फायरी प्रीस्ट’ (२०१९) या आधीच्या मालिकांतही भ्रष्टाचाराविरुद्धचा लढा हास्याच्या अंगाने मांडलेला होता, आणि अन्यायाची सवय झालेल्या समाजात हास्य हे प्रतिकाराचे साधन असते, हे मान्यच आहे. परंतु ‘विन्चेन्झो’मध्ये बाबेलच्या कारखान्यातील विषारी रसायनाच्या बळींचे नातलग न्याय मागतात म्हणून संपवले जातात, आणि त्या घटनेची धग ओसरण्यापूर्वीच कथा वेषांतराच्या आणि प्रेमाच्या नाटकांच्या प्रहसनात शिरते. कारखान्यातील विषारी द्रव्यांचा प्रश्न कोरियात काल्पनिक नाही. अर्धवाहक कारखान्यातील कामगार ह्वांग यू-मी हिचा २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला, आणि सॅमसंगने अशा कामगारांची जाहीर माफी मागायला २०१८ साल उजाडले. तो अकरा वर्षांचा काळ ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला मालिकेतील बळींना मिळालेला अल्प अवकाश बोचतो, कारण ज्यांच्या दुःखावर कथेचा नैतिक अधिकार उभा आहे त्यांनाच ती सर्वांत लवकर विसरते.

दुसरा दोष कायद्याच्या चित्रणात आहे. बळींच्या वकिलालाच विकत घेऊन खटला मुद्दाम हरवणे, किंवा प्रामाणिक भासणाऱ्या अभियोक्त्याने ऐनवेळी सत्तेशी सौदा करणे, हे प्रसंग व्यवस्था आतून कशी पोखरली जाते याचे नेमके दर्शन घडवतात. मात्र नायकाच्या बाजूने न्यायालय हे बहुतांशी गोंधळ माजवून सुनावणी लांबवण्याचे ठिकाण म्हणूनच येते. पुरावा गोळा करणे, साक्षीदाराला संरक्षण देणे, वरिष्ठ न्यायालयात दाद मागणे या चिवट कामांना कथेत जवळजवळ मोल नाही. वास्तवात याच कोरियात सामान्य नागरिकांना ज्युरी म्हणून खटल्यात सहभागी करून घेणारी पद्धत २००८ पासून आली, उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी जानेवारी २०२१ मध्ये स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले, आणि लक्षावधी नागरिकांच्या शांततामय मेणबत्ती मोर्चांनंतर १० मार्च २०१७ रोजी घटनात्मक न्यायालयाने राष्ट्राध्यक्षा पार्क गुन-हे यांना पदावरून दूर केले. हे सर्व अपुरे असेल, तरी ते घडले आहे. दुष्टांना केवळ अधिक मोठा दुष्टच हरवू शकतो, असे ठसवणारी कथा या अनुभवाला जागाच ठेवत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटच्या भागाविषयी आहे. चोई म्युंग-हीला आगीच्या हवाली केले जाते, आणि जांग हान-सोकला अशा यंत्राला बांधले जाते की त्याचा मृत्यू अत्यंत संथ आणि वेदनामय व्हावा. गोळीने जखमी झालेली चा-यंग या शिक्षांच्या वेळी तेथे नसते; म्हणजे ज्या मुलीच्या शोकातून सूडाला अधिकार मिळाला होता, ती बाजूला राहते आणि शिक्षा हे एका कुशल माणसाच्या कौशल्याचे प्रदर्शन बनते. चौथ्या भागातील आगीशी या प्रसंगांची तुलना केली की फरक लख्ख दिसतो : तेथे मृताची आठवण प्रत्येक क्षणी उपस्थित होती, येथे पाहणाऱ्याचे लक्ष यंत्राच्या करामतीकडे वळवलेले आहे. दक्षिण कोरियात मृत्युदंड कायद्याच्या पुस्तकात आजही आहे, तरी डिसेंबर १९९७ नंतर एकही फाशी दिली गेलेली नाही. ज्या समाजाने राज्यसंस्थेचा हात इतकी वर्षे आवरून धरला आहे, त्याच समाजाने यातनांचे हे दृश्य करमणूक म्हणून स्वीकारावे, यातून लोकांच्या मनात न्यायाची भूक किती तीव्र आहे आणि ती कोणत्या दिशेने वळवता येते, या दोन्ही गोष्टी उघड होतात. शेवटच्या भागाला कोरियात सुमारे १४.६ टक्के प्रेक्षकसंख्या लाभली, जी केबल वाहिनीसाठी फार मोठी होय.

याच्या तुलनेत गौण, पण त्याच वृत्तीचा निदर्शक असा दोष जाहिरातींचा आहे. आठव्या भागात एका चिनी कंपनीचे तयार बिबिंबाप, म्हणजे भात आणि भाज्यांचा पारंपरिक कोरियन पदार्थ, पात्रांच्या हाती दिल्यावर कोरियन प्रेक्षकांनी तीव्र निषेध केला आणि नंतर ते दृश्य वगळण्यात आले. पैशाच्या सत्तेविरुद्ध बोलणारी कलाकृती पैशाच्या दबावापासून मुक्त नव्हती, हे त्या वादाने दाखवून दिले.

तरीही ‘विन्चेन्झो’ निव्वळ हिंसेची मालिका म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल, कारण तिच्या पूर्वार्धाने पाहणाऱ्याला जे दिले आहे ते खरे आहे : लहान कार्यालयातून लढणाऱ्या वकिलाविषयी आदर, शेजाऱ्यांच्या एकजुटीवरचा विश्वास, आणि शिक्षा टाळण्याची सवय झालेल्या धनवंतांविषयीचा रास्त संताप. सूडनाट्याचे मोल ठरवताना रक्त किती सांडले हे मोजण्यापेक्षा, प्रत्येक प्रत्युत्तराच्या वेळी ज्याच्यासाठी ते दिले जात आहे तो माणूस कथेला आठवतो की नाही, ही कसोटी अधिक उपयोगी पडते. या कसोटीवर ‘विन्चेन्झो’ होंग यू-चानच्या बाबतीत उतरते आणि कारखान्यातील अनाम बळींच्या बाबतीत कमी पडते. म्हणूनच ही मालिका पाहून संपवणाऱ्याने खलनायकांच्या मृत्यूच्या समाधानावर थांबू नये. योंगसानचे भाडेकरू आणि अर्धवाहक कारखान्यांतील कामगार यांच्यासाठी वर्षानुवर्षे प्रत्यक्ष न्यायालयांत आणि रस्त्यांवर लढलेल्या लोकांची हकिगतही समजून घ्यावी, कारण मालिकेने जागवलेल्या संतापाचे खरे धनी तेच आहेत.