आतल्या वणाला शब्द नाही

‘वण’ हा मराठी शब्द मुळात डोळ्यांचा आहे. जे दिसते, त्यालाच आपण वण म्हणतो. पोटाच्या आत धरलेल्या वणासाठी परिभाषेत ‘आसंजन’ असा शब्द आहे खरा. पण तो बायकांच्या बोलण्यात कधी उतरला नाही. शब्द नसला की दुखणेही खरे मानले जात नाही, असा माझा अनुभव आहे.

अमरावतीजवळ भातकुलीला दिलेली माझी थोरली बहीण दोन सिझेरियननंतर म्हणायची, “आतून कोनं ओढून धरल्यावानी होते वं.” सोनोग्राफीत काही निघाले नाही आणि घरात त्या दुखण्याला ‘मनाचे खेळ’ हे नाव मिळाले. वस्तुतः असे पातळ पापुद्रे सोनोग्राफीत सहसा दिसतच नाहीत. जखमेवर जमणारा तंतुमय थर एरवी काही दिवसांत विरघळतो. तो उरला तर त्याचे पक्के धागे बनतात आणि एकमेकांवरून सहज सरकणारे अवयव जखडले जातात. प्रत्येक वेळी ते दुखतातच असे नाही. पण क्वचित आतड्याला पीळ पडतो. बहिणीच्या तिसऱ्या शस्त्रक्रियेत मूत्राशय जुन्या शिवणीला घट्ट चिकटलेले आढळले. रक्त चढवावे लागले.

एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, हे एडविन क्रेगिन या अमेरिकी डॉक्टरांचे १९१६ मधले वाक्य नियम म्हणून रूढ झाले. त्यांचा रोख मात्र पहिली शस्त्रक्रिया विनाकारण करू नये, यावर होता. महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. वार गर्भाशयाच्या मुखावर आलेली असेल, तर ती भिंतीत रुतण्याचा धोका पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, तर तिसऱ्या वेळी ४० टक्के असतो, असे २००६ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले. शस्त्रक्रियेने जीव वाचतात, हे निर्विवाद. प्रश्न तिच्या नोंदीचा आहे.

संहितेतला एक गाळलेला शब्द अर्थ कसा बदलतो, हे आपण वर्गात शिकवतो. बहिणीच्या पहिल्या दोन्ही कार्डांवर ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ एवढेच होते. पोटात काय चिकटले, कुठे चिकटले, हे पुढच्या सर्जनला आधी कळणे हाच तिथे अर्थ होता. तिसऱ्या कार्डावर मूत्राशयाबद्दल दीड ओळ आहे. माझ्या लेखी बहिणीच्या दुखण्याचे ते पहिले लेखन होय. ते तिच्या बोलण्यावरून व्हायला हवे होते. पोट तिसऱ्यांदा उघडल्यावर झाले.