गल्लीची भरपाई कोणाला? पोलटाऊन, डेट्रॉइट, १९८१

१/
अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मोटारींच्या एका कारखान्याच्या कुंपणाआड ज्यूंची एक जुनी दफनभूमी आहे. तिचे नाव बेथ ओलेम. १८६२ साली स्थापन झालेल्या या भूमीत सुमारे ११०० कबरी आहेत. वर्षातून दोनच दिवस तिचे दार बाहेरच्यांसाठी उघडते. एरवी तिथवर पोहोचवणारा सार्वजनिक रस्ताच उरलेला नाही.

२/
रस्ता नाहीसा होणे म्हणजे केवळ डांबर उखडले जाणे नव्हे. ज्या जमिनीवरून जाताना कोणाचीही परवानगी घ्यावी लागत नव्हती, तिच्यावर पाऊल ठेवण्यासाठी ती घ्यावी लागू लागते. हा बदल कायद्याच्या कोणत्या वाटेने होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याविषयीचा हा थ्रेड.

३/
सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने संकलित झालेल्या रोमन ‘डायजेस्ट’मध्ये एक तत्त्व आढळते: लोकांनी वापर थांबवला, एवढ्याने सार्वजनिक मार्गावरील त्यांचा हक्क बुडत नाही. इंग्लिश कायद्यानेही एकदा झालेला हमरस्ता कायमचा हमरस्ता मानला. मराठीतील ‘वहिवाट’ हा शब्द याच जाणिवेच्या जवळचा आहे. माणसांच्या येण्याजाण्यातूनच हक्क आकाराला येतो.

४/
मात्र जो हक्क वापराअभावी बुडत नाही, तो ठरावाने बुडू शकतो. अमेरिकेत नगर परिषद ठराव करून एखादा रस्ता किंवा गल्ली ‘यापुढे सार्वजनिक नाही’ असे जाहीर करू शकते. मग ती जमीन साधारणतः दोन्ही बाजूंच्या मालकांकडे मध्यरेषेपर्यंत अर्धी-अर्धी जाते. ओस पडलेल्या एखाद्या बोळापुरती ही तरतूद निरुपद्रवी ठरते. परंतु दोन्ही बाजूंचा मालक एकच असेल, तर सगळा रस्ताच त्याचा होतो.

५/
१९८० साली डेट्रॉइट संकटात होते. वाहन उद्योग मंदीत सापडला होता आणि जानेवारीत क्रायस्लर कंपनीचा ‘डॉज मेन’ हा प्रचंड कारखाना बंद पडला होता. त्याच वर्षी जनरल मोटर्सने शहरातील आपले जुने कॅडिलॅक कारखाने बंद करण्याचे ठरवले. शहराने पुरेशी मोकळी जागा दिली, तर नवा कारखाना तेथेच उभारण्याची तयारी कंपनीने दाखवली. सुमारे ६००० रोजगारांचे आश्वासन होते.

६/
निवडलेली जागा सुमारे ४६५ एकरांची होती. तिचा काही भाग ‘डॉज मेन’चा होता; उरलेल्या भागावर पोलटाऊनची वस्ती होती. पोलिश स्थलांतरितांनी वसवलेल्या या भागात तेव्हा वृद्ध पोलिश रहिवासी आणि कृष्णवर्णीय कुटुंबे शेजारी-शेजारी नांदत होती. सुमारे ४२०० माणसे, तेराशेहून अधिक घरे, शंभरहून अधिक दुकाने व व्यवसाय, अनेक चर्च आणि एक रुग्णालय असा हा पसारा होता.

७/
महापौर कोलमन यंग हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. मरणपंथाला लागलेले शहर वाचवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, अशी त्यांची धारणा होती आणि तिला आधारही होता. कामगार संघटना व कॅथलिक धर्मप्रांताचे वरिष्ठ त्यांच्या बाजूने उभे राहिले. पोलटाऊनची गोष्ट एका खलनायकाची नाही. तिचे दुःख अधिक गुंतागुंतीचे आहे, ते याचमुळे.

८/
मिशिगन राज्याने १९८० मध्ये केलेल्या कायद्यामुळे मोबदल्याचा वाद मिटण्यापूर्वीच जमिनीचा ताबा घेणे सुलभ झाले होते. रहिवासी न्यायालयात गेले. सरकारने सार्वजनिक उपयोगासाठी जमीन घ्यावी, हे त्यांना मान्य होते. पण एका खाजगी कंपनीला देण्यासाठी घेतलेली जमीन ‘सार्वजनिक उपयोगाची’ कशी ठरते, असा त्यांचा प्रश्न होता.

९/
त्यांचा दुसरा मुद्दा आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. पर्यावरण-रक्षणाच्या कायद्यान्वये वस्तीच्या सामाजिक व सांस्कृतिक परिसरालाही संरक्षण मिळावे, असे त्यांनी मांडले. न्यायालयाने ते नाकारले. कायद्याला भूखंड दिसत होते, घरे दिसत होती. त्यांच्यामधले शेजारपण मात्र त्याच्या नोंदवहीत कोठेच बसत नव्हते.

१०/
१३ मार्च १९८१ रोजी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. रोजगारनिर्मिती हा सार्वजनिक हेतू असून कंपनीचा लाभ आनुषंगिक आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती रायन यांनी भिन्नमत नोंदवले: जागा कोणती, ती कधी हवी, कशा अवस्थेत हवी, हे सारे जर कंपनीनेच ठरवले असेल, तर तिचा लाभ आनुषंगिक कसा?

११/
त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वृद्ध स्त्रिया ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ चर्चमध्ये ठाण मांडून बसल्या. २९ दिवसांनंतर, जुलैमध्ये, पोलिसांनी त्यांना बाहेर काढले आणि चर्च पाडण्यात आले. वस्तीची मुख्य बाजारपेठ असलेला शेन स्ट्रीट कारखान्याच्या हद्दीपाशी तुटला.

१२/
घरमालकांना मोबदला मिळाला. तो पुरेसा होता की नव्हता, यावर वाद होऊ शकतो. पण तो मागण्याचा हक्क कायद्याने दिला होता. गल्लीचे तसे नव्हते. घरांमागील गल्लीत चेंडू खेळणारे मूल, शेजारणीशी बोलत थांबणारी वृद्धा, रोज त्याच वळणावरून चर्चला जाणारा माणूस यांच्याकडे तिचे खरेदीखत नव्हते. गल्ली सर्वांची होती, म्हणून तिच्या भरपाईवर एकट्या कोणाचाही दावा नव्हता. सार्वजनिक मालकीचे बळ आणि तिची दुर्बलता एकाच ठिकाणी असते.

१३/
नवा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. जमीन मिळवून ती सपाट करून देण्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली. कंपनीकडून जमिनीपोटी आले सुमारे ८० लाख डॉलर. २००४ साली ‘वेन काउंटी विरुद्ध हॅथकॉक’ खटल्यात त्याच न्यायालयाने पोलटाऊनचा निकाल रद्दबातल ठरवला. २००६ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून अशा भूसंपादनाला मर्यादा घातली.

१४/
तत्त्व दुरुस्त झाले. रस्ते मात्र परत आले नाहीत. निकाल फिरवता येतो, येण्याजाण्याची सवय पुन्हा वसवता येत नाही. आज त्या जागी ‘फॅक्टरी झिरो’ या नावाने विजेवर चालणाऱ्या गाड्या तयार होतात.

१५/
कबरींना कायद्याचे संरक्षण होते, म्हणून बेथ ओलेम टिकली. त्या दोन दिवशी येणारी माणसे कारखान्याच्या फाटकापाशी थांबतात, आत सोडली जातात आणि पणजोबांच्या कबरीवर रिवाजाप्रमाणे एक लहानसा दगड ठेवून परततात. पोलटाऊनच्या गल्ल्यांमध्ये कोणी पुरलेले नव्हते. तेथे माणसे फक्त जगत होती. त्यामुळे त्या गल्ल्यांसाठी वर्षातला एक दिवसही राखून ठेवलेला नाही.